पार अवियन

आमच्या घरी वर्षातून तीन-चारदा एक निळं पत्र यायचं. मामा अमेरिकेत होता. तिकडचं एरोग्राम म्हणजे पत्र, पाकीट आणि तिकीट या तिन्ही भूमिका एकट्यानं वठवणारा कागद, जत्रेतल्या नाटकात राजा, प्रधान आणि राक्षस एकच नट होतो तसा. ते उघडणं हे आजोबांचं काम. दाढीचं जुनं पातं घेऊन ते शस्त्रक्रियेला बसल्यासारखे बसत, कारण मामाला कागद वाया घालवणं आवडत नसे आणि शेवटची खुशाली तो थेट दुमडीच्या कडेवर लिहीत असे. पातं केसभर जरी सरकलं तरी 'सर्वांना साष्टांग नमस्कार' यातले दोन-तीन अंगांचे नमस्कार कापले जायचे. त्या निळ्या कागदाच्या दर्शनी बाजूला रोमन लिपीत काही छापलेलं असे. मी नुकताच अक्षरं जुळवायला शिकलो होतो, म्हणून एकदा मोठ्यानं वाचलं, "पार अवियन." आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरोबरच आहे की. पार अमेरिकेहून आलंय ते. पार!" मग 'अवियन' म्हणजे काय, असं मी विचारलं. तिनं एक खडा बाजूला काढला आणि म्हणाली, "असेल तिथलं पोष्ट."

पुढे कधीतरी कळलं की ते शब्द फ्रेंच आहेत आणि त्यांचा अर्थ सरळ 'विमानाने' एवढाच होतो. जगभरच्या टपालखात्यांच्या संघटनेची अधिकृत भाषा फ्रेंच, म्हणून मामाच्या पत्रावरही फ्रेंच. माहिती बिनचूक होती, पण तिनं आजीचा अर्थ काही पुसला गेला नाही. 'विमानाने' म्हटलं की पत्र कसं आलं ते कळतं. 'पार' म्हटलं की ते किती लांबून आणि किती काय काय मागे टाकून आलं, हे कळतं. शिवाय 'अवियन' नावाचं एक धुक्यातलं गाव, तिथलं बैठं पोस्ट ऑफिस आणि तिथे निळ्या पत्रांवर ठप्पे मारणारा चष्मेवाला मास्तर, एवढा संसार मी तोवर मनात थाटून बसलो होतो. तो मोडायचा कसा?

ज्याच्याविषयी लिहायला बसलो आहे त्या माणसानं ऐन उमेदीची वर्षं हे 'पार अवियन' करण्यात घालवली. आन्त्वान द सेंत-एक्झुपेरी. नावाचा उच्चार करताना जीभ दोनदा ठेचकाळते, म्हणून त्याचे मित्रही त्याला नुसतं 'सेंत-एक्स' म्हणत. माझी त्याची पहिली भेट गावच्या वाचनालयात झाली, तीही धार्मिक ग्रंथांच्या कपाटात. ग्रंथपालांनी नावातला 'सेंट' बघून ते छोटं इंग्रजी पुस्तक संतवाङ्मयात लावलं होतं आणि अकारविल्हेच्या निष्ठुर न्यायानं ते एकनाथी भागवताला टेकून उभं होतं. मी चूक दाखवली तेव्हा त्यांनी पुस्तक चाळलं. एक पोरगा, एक कोल्हा, एक गुलाब अशी चित्रं बघितली आणि म्हणाले, "राहू दे. शेजार चांगला आहे." तसं संत म्हणावं असं या गृहस्थाच्या अंगी फारसं काही नव्हतं. सिगारेटी ओढायचा, पत्त्यांच्या जादू करायचा आणि नुकतंच लिहिलेलं पान ऐकवण्यासाठी भर मध्यरात्री मित्रांना उठवायचा. हा शेवटचा दुर्गुण आपल्याकडच्या कवींत असूनही आपण त्यांना नांदवून घेतो, तेव्हा त्याबद्दल फार बोलायला नको.

तो १९०० साली लिऑनमध्ये जन्मला. घराणं खानदानी, पण तो चार वर्षांचा होण्याआधीच वडील गेले. उन्हाळ्यात ज्या वाड्यात ही भावंडं राहत, तिथून सायकलच्या टप्प्यात आंबेरिओचं विमानतळ होतं. १९१२ साली बारा वर्षांच्या या पोरानं तिथल्या वैमानिकाला, आईनं परवानगी दिली आहे असं बेधडक सांगितलं आणि आकाशात एक फेरी मारून आला, अशी हकिगत सांगतात. आईनं अर्थातच तसलं काही दिलेलं नव्हतं. म्हणजे त्याचं पहिलं उड्डाण आणि त्याची पहिली कल्पित कथा एकाच दुपारी पार पडली. या माणसातला लेखक आधीचा की वैमानिक, या प्रश्नावर अभ्यासकांनी बराच खल केला आहे. मला वाटतं, ते जुळे होते.

आणि जुळ्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं, यातच सगळी गंमत आहे. तंद्री हा लेखकाच्या धंद्याचा माल आहे. ती नसेल तर त्यानं दुकान बंद करावं. वैमानिकाला मात्र तंद्री म्हणजे दुधावर लक्ष ठेवायला बसवलेल्या कवीसारखी. दूध उतू जाणार हे ठरलेलं. सेंत-एक्स विमानात पुस्तक वाचायचा, मांडीवरच्या वहीत चित्रं काढायचा. एकदा कादंबरी संपायला थोडी पानं उरली होती म्हणून तो ट्युनिसच्या विमानतळावर उतरेचना, तासभर वरच घिरट्या घालत राहिला, अशीही एक कथा आहे. खालच्या लोकांना काय वाटलं असेल! मला मात्र तो प्रसंग फार ओळखीचा वाटतो. आपलं उतरायचं ठिकाण येऊन गेलं तरी पुस्तकातून मान वर न काढणारी माणसं एसटीत दिसतातच. फरक एवढाच, की एसटी त्यांच्या हातात नसते.

विमानातून पडायला त्यानं लवकर सुरुवात केली. १९२३ साली पॅरिसजवळच्या ल बूर्जेला विमान कोसळलं आणि कवटीला तडा गेला. लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांनी आकाशाचा जावई नको म्हटल्यावर त्यानं जमिनीवरची नोकरी धरली. आधी कौलं बनवणाऱ्या कंपनीत, मग ट्रक विकणारा फिरता विक्रेता म्हणून. वर्षभराच्या वणवणीत त्यानं म्हणे एकच ट्रक विकला. तो कुणी घेतला आणि का, हे मला नेहमी जाणून घ्यावंसं वाटतं. समोरच्या गिऱ्हाइकाला वजन, चाकं, इंजिन सांगता सांगता या विक्रेत्याची नजर खिडकीबाहेरच्या ढगावर गेली असेल, आणि गिऱ्हाइकानं नुसत्या दयेपोटी सही केली असेल. लग्नही मोडलंच. कौलं, ट्रक आणि वाग्दत्त वधू यांनी एकमतानं नाकारल्यावर १९२६ साली तो तुलूजला लाटेकोएरच्या टपाल विमानांच्या कंपनीत दाखल झाला. तिथला प्रमुख दिदिए दोरा हा करडा माणूस. त्यानं या सरदारपुत्राला आधी कारखान्यात इंजिनं धुवायला लावलं.

तुलूजहून स्पेनवरून कासाब्लांका आणि तिथून सहारा वाळवंटाच्या कडेकडेनं डाकार, असा तो मार्ग. ब्रेगे १४ ही पहिल्या महायुद्धातली जुनी विमानं, वर छप्पर नाही, वारा थेट तोंडावर. इंजिन कुठेही दम सोडे, म्हणून वाळवंटावरून दोन-दोन विमानं जोडीनं जायची, म्हणजे एक पडलं तर दुसरं वैमानिकाला आणि टपालाला उचलून घेईल. पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री सेंत-एक्स घाबरून मित्राकडे, गीयोमेकडे गेला. गीयोमेनं नकाशा पसरला आणि जो भूगोल शिकवला तो कुठल्याच शाळेत नसतो. शहरं नाहीत, लोकसंख्या नाही. ग्वादिशजवळ एका शेताच्या कडेला तीन संत्र्याची झाडं आहेत, त्यांच्यापासून जपून राहा. अमुक कुरणात गवताखाली एक ओढा लपलेला आहे. डोंगराच्या उतरणीवर तीस मेंढ्या असतात, ऐन उतरताना चाकांखाली येतील. असं करता करता स्पेनचा नकाशा त्या दिव्याखाली परीकथेसारखा उजळत गेला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. आमच्या गावाचा पत्ता आजही असाच सांगतात: "पारापाशी उजवीकडे वळा, पुढे काळं कुत्रं बसलेलं असेल, त्याच्यानंतरचं दुसरं घर." कुत्रं मरून चार वर्षं झाली तरी पत्ता बदललेला नाही. तीस मेंढ्यांचंही तसंच झालं असणार. त्या त्यानंतर सगळ्या वैमानिकांच्या नकाशात आपापल्या जागी चरत राहिल्या असतील.

१९२७ च्या अखेरीस त्याला काप जुबीला पाठवलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू आणि मधे स्पॅनिश सैन्याचा एक कंटाळलेला किल्ला. किल्ल्याच्या भिंतीला टेकून लाकडी खोपट, तेच विमानतळाचं कार्यालय आणि तोच साहेबाचा बंगला. पलंग म्हणजे फळी. मेज म्हणजे दोन पिंपांवर आडवं टाकलेलं दार. त्या दारावर माझा फार जीव आहे. घरातून बाहेर पडण्यासाठी माणूस दार करतो. याला चहूकडे फक्त वाळू असल्यामुळे बाहेर जायला दाराची गरजच नव्हती, म्हणून त्यानं ते आडवं पाडलं आणि त्यावर लिहायला बसला. पोटापाण्याचं काम वेगळंच होतं. वाळवंटात विमान कोसळलं की मूर टोळ्या वैमानिकाला पकडून खंडणी मागत. त्यांच्याशी चहा पीत बोलणी करून माणसं सोडवून आणायची. तो अरबी शिकायचा प्रयत्न करी, एक वाळवंटी खोकड पाळायचा प्रयत्न करी आणि दोन्ही बाबतींत यश जेमतेमच होतं. टपालाचं विमान बऱ्याच दिवसांनी यायचं, थैल्या उतरायच्या, थैल्या चढायच्या, आणि पुन्हा ती प्रचंड दुपार. त्या थैल्यांत कुणाकुणाचे प्रेमाचे कागद असतील, थकलेल्या हिशेबांचे तगादे असतील, बाळंतपणं सुखरूप झाल्याच्या वार्ता असतील. ती पत्रं पोचवण्यासाठी माणसं जीव देत होती, आणि पत्रं मात्र बहुतेक 'तुमचे पत्र मिळाले, इकडे सर्व क्षेम' अशीच असणार. यातला विसंगतपणा सेंत-एक्सला नक्की कळत होता. दोराला तो मंजूर नव्हता. त्याच्या लेखी टपाल म्हणजे टपाल, ते वेळेवर पोचलं पाहिजे, बस्स. दीड वर्षानं जुबीहून परतताना त्या आडव्या दारावर लिहिलेली पहिली कादंबरी बरोबर होती. १९२९ साली ती छापली गेली. नाव अर्थातच टपालाचं, दक्षिणेकडे जाणाऱ्या टपालाचं.

इथे जरा जुहूच्या वाळूत पाय टेकवतो. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा एक छोटं पुस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरलं आणि दुपारी जुहूच्या मातीच्या पट्टीवर उतरले. विमानात माणूस एकच, बाकी टपाल. जे. आर. डी. पॅरिसमध्ये जन्मले होते, आई फ्रेंच होती आणि बालपणीच्या सुट्ट्या ज्या किनाऱ्यावर जायच्या तिथे इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओचं शेजारी घर होतं. पन्नास वर्षांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तशाच जुन्या विमानातून त्यांनी तो प्रवास पुन्हा केला. विमानाचं वेड आणि पत्रांचं ओझं यांची सांगड त्या काळात सगळीकडेच पडलेली होती. आकाशाला माणसांची सवय व्हायच्या आधी पत्रांची झाली. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, कागद हलका असतो बाबा, म्हणून.

सेंत-एक्स पुढे अर्जेंटिनात गेला, तिथल्या टपालमार्गांचा मुख्य झाला. दिवसा विमानानं जे तास कमवायचे ते रात्री मुक्कामात गमवायचे, कारण आगगाडी आणि आगबोट रात्रीही चालत राहायच्या. म्हणून अंधारातही उडायचं ठरलं. त्या अंधारावरच्या त्याच्या कादंबरीला १९३१ साली फेमिना पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी कोन्सुएलोशी लग्न झालं. ती एल साल्वादोरची, स्वभावानं ज्वालामुखीच्याच देशातली. त्या संसारावर पुष्कळ पुस्तकं आहेत. मी त्यांतलं एक वाचलं आणि दार हळूच ओढून घेतलं.

त्याच्या पडण्याकडे मात्र पुन्हा वळलं पाहिजे, कारण त्याच्या बाबतीत विमान आडवं झालं की पुस्तक उभं राहायचं. १९३३ मध्ये समुद्रविमानाची चाचणी घेताना सें राफाएलच्या खाडीत बुडता बुडता वाचला. १९३५ च्या डिसेंबरात तो आणि मेकॅनिक प्रेव्हो पॅरिस ते सायगाव हे अंतर विक्रमी वेळात कापायला निघाले. बक्षीस दीड लाख फ्रँकचं. पहिल्याच रात्री अंधारात विमान पूर्ण वेगात वाळवंटाच्या पठारावर घासलं, आणि दोघंही जिवंत राहिले, हे आश्चर्य त्या पठारानंच करावं. जवळ होतं थोडी द्राक्षं, थोडी कॉफी, थोडी वाइन आणि एक संत्रं. ते संत्रं त्या दोघांनी वाटून खाल्लं, आणि पुढे त्यानं त्या अर्ध्या संत्र्याबद्दल अशा काही भावानं लिहिलं की वाचणाऱ्यानं मंडईतून येताना पिशवीकडे दोनदा बघावं. ग्वादिशच्या शेतात ज्या संत्र्यांना भ्यायला शिकवलं होतं, तीच इथे अशी भेटली. मृगजळं बघत, दवाचे थेंब पॅराशूटच्या कापडावर गोळा करत ते चालत राहिले आणि चौथ्या दिवशी उंटावरून चाललेल्या एका बेदुइनानं त्यांना बघितलं. मग १९३८ मध्ये ग्वाटेमालाला टाक्यांत नको तितकं पेट्रोल भरलं गेलं. गॅलनच्या मापात घोटाळा झाला, असं सांगतात. ओझ्यानं विमान धावपट्टी संपली तरी उठेना, आणि या वेळी हाडं इतक्या ठिकाणी मोडली की डावा खांदा पुढे आयुष्यभर कुरकुरत राहिला. ती हाडं जुळत असताना त्यानं जुने लेख जुळवले. १९३९ मध्ये फ्रेंच अकादमीनं त्या पुस्तकाला कादंबरीचं मोठं पारितोषिक दिलं. ती कादंबरी नव्हतीच, पण घिरट्या घालणाऱ्याला कुठल्या तरी धावपट्टीवर उतरवून घ्यावंच लागतं.

फ्रान्स पडल्यावर तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथे, इंग्रजी शिकायचं ठामपणे नाकारत, दोन वर्षं उदास बसला. वर्षानुवर्षं तो जेवणाच्या मेजावर, पत्रांच्या कडेला, बिलांच्या पाठीमागे एक पोरगा काढत असे. प्रकाशकांच्या मंडळींनी म्हटलं, याचंच का लिहीत नाहीस? लिहिलं रात्रीरात्री, पातळ कागदांवर. त्या हस्तलिखितावर कॉफीचे गोल डाग आणि सिगारेटनं भाजलेले ठिपके आजही आहेत. 'छोटा राजपुत्र' एप्रिल १९४३ मध्ये न्यूयॉर्कला निघाला आणि त्याच महिन्यात लेखक युद्धावर निघाला. जाताना ते कागद त्यानं एका मैत्रिणीच्या हातात दिले, चुरगळलेल्या कागदी पिशवीतून, भाजी द्यावी तसे. आता ते मॉर्गन ग्रंथालयात आहेत आणि बघायला गेलं तर हातमोजे घातलेली माणसं आपल्याकडे संशयानं बघतात.

ज्या विमानावर त्याला जायचं होतं ते लाइटनिंग, विशीतल्या पोरांसाठी केलेलं. हा त्रेचाळीसचा. मोडक्या हाडांमुळे उड्डाणाचा पोशाख दुसऱ्यानं चढवावा लागे, आणि डावीकडे मान वळत नसे, म्हणजे शत्रू त्या बाजूनं आला तर तो सभ्यपणे उजवीकडे येईपर्यंत थांबणं आलं. दुसऱ्याच मोहिमेहून परतताना विमान धावपट्टी ओलांडून पलीकडे गेलं आणि त्याला आठ महिने जमिनीवर बसवलं. मग त्यानं मोठमोठ्या सेनापतींच्या दारात अर्जविनंत्या करून पाच उड्डाणांची परवानगी मिळवली. ती पाच पुढे केव्हाच होऊन गेली. मोजणाऱ्यांनी मोजायचं सोडलं होतं किंवा हा मोजताना मधलेच आकडे गाळत होता. लहान मुलं लपंडावात करतात तसं.

३१ जुलै १९४४ च्या सकाळी कॉर्सिकातल्या बोर्गोहून तो निघाला. बंदूक नाही, फक्त कॅमेरे. आल्प्सच्या बाजूची छायाचित्रं आणायची होती, म्हणजे जवळजवळ बालपणीच्याच गावांवरून जायचं होतं. दुपारी अडीचला इंधन संपणार होतं. अडीच वाजून गेले.

फ्रान्सनं त्याचं कौतुक पुढे जमेल तसं केलं. लिऑनच्या विमानतळाला त्याचं नाव दिलं, आणि १९९३ मध्ये पन्नास फ्रँकच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला. त्या नोटेवर त्याच्याच आडनावातल्या पहिल्या 'ए'च्या डोक्यावर नको असलेली मात्रा पडली. देशभर लेखकाच्या नावाचं चुकीचं शुद्धलेखन खिशाखिशात फिरत राहिलं आणि मग ते दुरुस्त झालं. मला ही नोट फार आवडते. मुद्रितशोधकानं चूक करावी आणि ती चूक चालावी, असं भाग्य लेखकांच्या वाट्याला सहसा येत नाही.

सप्टेंबर १९९८ मध्ये मार्सेलजवळ, रिऊ बेटाच्या बाजूला एका कोळ्याच्या जाळ्यात मासळीबरोबर चांदीचं एक काळवंडलेलं कडं आलं. पुढे पाणबुड्यांनी त्याच भागात विमानाचे तुकडे शोधले आणि २००४ मध्ये क्रमांकावरून ते त्याचंच असल्याचं ठरलं. कड्यावर कोरलेलं होतं ते असं: आन्त्वान द सेंत-एक्झुपेरी, मग कंसात कोन्सुएलो, आणि मग 'द्वारा' म्हणून प्रकाशक, रेनल अँड हिचकॉक, ३८६, फोर्थ ॲव्हेन्यू, न्यूयॉर्क. बायको कंसात आणि प्रकाशक पत्त्यात. लेखकाचं घर कुठे असतं ते कड्यावर लिहिलेलं होतं. चोपन्न वर्षं पाण्याखाली राहूनही अक्षरं वाचता येत होती. पण तोवर प्रकाशन संस्था दुसऱ्या मोठ्या संस्थेत विरून गेली होती, आणि न्यूयॉर्कनं त्या रस्त्याच्या त्या तुकड्याचं नावही कधीच बदललं होतं. फोर्थ ॲव्हेन्यू तिथे आता पार्क ॲव्हेन्यू साऊथ म्हणवते.

माझ्या मनातलं अवियनचं पोस्ट मात्र अजून चालू आहे. चष्मेवाल्या मास्तरापुढे ते कडं येतं. तो उलटसुलट करून पाहतो, पत्ता वाचतो आणि कानामागची पेन्सिल काढतो. असल्या पत्रांवर काय मारायचं ते त्याला पाठ आहे: 'मालक सापडत नाही, परत'. तो शिक्का शाईच्या गादीवर टेकवतो, आणि मग, का कोण जाणे, तो तसाच गादीवर ठेवून देतो. कडं पुसतो, खणात ठेवतो. दाराशी टपालाच्या थैल्या पडलेल्या आहेत आणि बाहेर कुठेतरी, फार उंचावर, कुणीतरी पुस्तकाची शेवटची पानं वाचत घिरट्या घालत असल्याचा आवाज येतो आहे.